वाटीची घरं

राज्य खालसा झालं, राजवाड्याच्या दारावर इंग्रजांचा पहारा बसला, आणि तंजावरच्या तुकोजीरावांचा दरबार घरापुढच्या ओट्यावर आला. तमिळ शेजारी त्या ओट्याला तिण्णै म्हणत. तुकोजीराव सदर म्हणत. त्यांच्या वडिलांनी राजवाड्यात पानदान धरलं होतं, तेवढ्यावर हे उरलेलं आयुष्य मिशीला पीळ देत काढायचं त्यांनी ठरवलं होतं.

"आमच्या हातचा विडा महाराजांच्या मुखात जायचा!" ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

"आणि थुंकदाणी कोण धरायचं, अप्पा?" त्यांची लेक वसुमती आतून विचारी.

"ते दुसरं घराणं," तुकोजीराव गंभीरपणे सांगत. "त्यांच्याशी आपली सोयरीक होत नाही."

पानदान गेलं, पालखी गेली, पण एक गोष्ट या घराने इंग्रजाला नेऊ दिली नाही. ती म्हणजे वाटी. राजवाड्याच्या आश्रयाने राहणाऱ्या काही घरांत रीत होती: सून गरोदर राहिली, पाचवा महिना लागला, की रोज दिवेलागणीला तिला चांदीच्या वाटीतून औषध पाजायचं. पूर्वी राजवाड्याच्या औषधशाळेतून द्राक्षासव यायचं, तेही चमचाभर, पाण्यात कालवून. औषधशाळेला कुलूप लागलं आणि वाटी रिकामी पडली. नेमक्या त्याच दिवसांत तुकोजीरावांच्या बायकोला, कामाक्षीला, पहिल्यांदा दिवस गेले. वाटीत घालायला काही नव्हतं म्हणून तिला दूध पाजलं. घरात सगळे हळहळले. त्या दुधावर वसुमती जन्मली, सहाव्या वर्षी बापाच्या बोलण्यातल्या चुका काढू लागली, आणि तुकोजीरावांची विधवा बहीण अंबुजा कपाळाला हात लावून म्हणाली, "औषध मिळालं नाही ना, त्यामुळे पोर अशी तिखट निघाली!"

पुढे छावणीच्या बाजूला विलायती मालाचं दुकान निघालं. दुकानात बाटल्या आल्या. बाटलीवर सोनेरी कागद, कागदावर मुकुट. मुकुट पाहिल्यावर तुकोजीरावांना काही विचारायचं उरलं नाही. त्यांनी ब्रँडीची बाटली दोन्ही हातांत धरून घरी आणली.

"राणीसरकार विलायतेत हेच घेतात," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" कामाक्षीने विचारलं.

"मुकुट कशाला छापलाय मग?"

तिथे वाद संपला. चमचा गेला, पाणी गेलं. आता वाटी काठोकाठ भरायची, वर केशराची काडी. कामाक्षीला पुन्हा दिवस गेले होते. अंबुजा वाटी घेऊन तिच्यापुढे बसे आणि तळ दिसेपर्यंत उठत नसे. कामाक्षी नाक दाबून प्यायची आणि मग भिंतीला टेकून बसायची. लहानग्या वसुमतीला वाटायचं, आईला झोप येते.

एकदा अशीच वाटी चालली असताना दारावरून ताडी काढणाऱ्या शाणाराची बायको गेली. तीही पोटुशी होती, आणि तिची पावलं जरा सैल पडत होती. अंबुजाने पदर नाकाला लावला.

"अय्यो, पाहिलंस गे, कळ्ळू पिऊन चाललीय! भरल्या पोटी! त्या पोराच्या डोक्यात काय उरेल, भुसा? मेली आई आहे की वैरीण?" आणि हातातली वाटी पुढे करून, "पी गे कामाक्षी, थेंब ठेवू नकोस."

वसुमती कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने ताडीवालीच्या पाठीकडे पाहिलं, आत्याच्या हाताकडे पाहिलं. मग पुन्हा निवडू लागली.

मुलगा झाला. आजोळ-पणजोळ धुंडाळून तुकोजीरावांनी नाव काढलं: प्रतापसिंह. एवढ्या नावाखाली ते मूल शोधावं लागे. मूठभर डोकं, चिरेसारखे अरुंद डोळे, वरचा ओठ दोऱ्यासारखा बारीक. आणि नाकाखाली, ओठावर, प्रत्येक माणसाला जी खळगी असते, ती त्याला नव्हती. ओल्या फडक्याने पाटी पुसावी तशी ती जागा सपाट होती.

"ग्रहणात जन्मला का?" शेजारणींनी विचारलं.

"ग्रहण नव्हतं," कामाक्षी म्हणाली.

"मग लागलं असेल कुठलं तरी," अंबुजाने निकाल दिला. "आधीच्या महिन्यातलं."

प्रतापसिंह वाढला, म्हणजे वय वाढलं. सकाळी पंतोजींनी शिकवलेलं अक्षर दुपारी त्याला पाहुण्यासारखं अनोळखी वाटे. तव्याला हात लावू नकोस म्हटलं की लावायचा, भाजायचा, रडायचा, आणि दुसऱ्या दिवशी तव्याजवळ हात घेऊन तयार. अंगरखा मागितला की काढून देई. कुणी वेडावलं की धोंडा उचली. तुकोजीरावांचा शिक्षणावर एकच विश्वास होता, तो वेताच्या छडीवर.

"आळशी आहे. माजलाय. राजघराण्याचं रक्त, रग असायचीच!"

"पानदानाचं रक्त," वसुमती म्हणायची आणि भावाच्या पाठीवर खोबरेल चोळायची.

"अक्का, मी काय केलं?" तो विचारी. चोरून नाही, खरंच विचारी. मार आठवायचा, कारण आठवायचं नाही.

बाजारातली पोरं त्याच्या डोक्याला केळीच्या सालीचा तुरा लावत, पोत्याची झूल पांघरवत आणि रस्त्यावर ओळीने वाकून मुजरा करत. प्रतापसिंह हसत हसत मुजरे घेई. तुकोजीरावांनी हे एकदा पाहिलं आणि संतापाने लाल झाले. घरी येऊन तिण्णैवर बसले, आणि समोरून भाजीवाल्याने "नमस्कारम् महाराजा" म्हटल्यावर मान तुकवून हात उंचावला. वसुमती दारात उभी होती. तिला बाजारातली पोरं एकदम फार प्रामाणिक वाटली.

ती चौदाची झाली त्या वर्षी दसऱ्याला राजवाड्यात मागे उरलेल्या राणीसाहेबांच्या महालात पंगत होती. मराठी घरांतली मुलं ओळीने बसली होती आणि वसुमतीकडे मीठ वाढायचं काम होतं. वाकायचं, केळीच्या पानाच्या टोकाला चिमूट सोडायची, पुढे सरकायचं. प्रतापसिंहाच्या पानावर तिने मीठ वाढलं, त्याच्या डोक्यावर टपली मारली, पुढे गेली. आणि पुढे पुन्हा प्रतापसिंह बसला होता.

ती थबकली. हा लहान होता. पण तेच डोळे, तोच दोऱ्यासारखा ओठ, तीच पुसलेली जागा. तिने मागे पाहिलं. आपला भाऊ जागेवर होता, मीठ चाटत. ती पुढे गेली. पंगतीच्या टोकाला आणखी एक. ही मुलगी होती. प्रतापसिंहाला परकर नेसवून बसवल्यासारखी.

"आत्या, हा कुणाचा गे?" तिने अंबुजाला खांबाआड ओढून विचारलं.

"सीतारामरावांचा. का?"

"आणि ती?"

"ती वैद्यनाथरावांची. मोठं घर! त्यांच्याकडे तर दोन-दोन वाट्या देतात."

"ही तिघं भावंडं दिसतात."

अंबुजाने तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप्प! काय भलतंसलतं बोलतेस! कुणी ऐकलं तर त्यांच्या आयांबद्दल काय म्हणतील?"

"आयांबद्दल नाही म्हणत मी. वाटीबद्दल म्हणते."

"वाटीची घरं आहेत ती. खानदानी. चेहऱ्यात खानदान दिसणारच!"

वसुमतीने हसू गिळलं. मीठ वाढत ती दुसऱ्या बाजूने आली. त्या बाजूला फाटक्या धोतरांच्या घरातली मुलं होती, ज्यांच्या बापांना मुकुटाची बाटली दुकानाच्या बाहेरूनच पाहायला मिळे. ती पोरं चिमण्यांसारखी कलकलत होती, एकमेकांचे लाडू पळवत होती, आणि त्यांच्या सगळ्यांच्या ओठांवर खळग्या होत्या, नीट, खोल, देवाने अंगठा दाबावा तशा. गरिबीने त्यांच्यावर एवढा एक उपकार केला होता.

"मग त्या वाटीच्याच घरातल्या रामस्वामीचं काय?" आत्याने जाताना विजयी मुद्रेने विचारलं. "त्याची आई प्यायचीच की! तो तर पंतोजींकडे पहिला आहे!"

"पावसात दहा जण भिजतात, ताप सगळ्यांना येत नाही," वसुमती म्हणाली. "म्हणून आपण मुलांना पावसात उभं करतो का?"

"तिखट!" आत्या म्हणाली. "दुधावरची!"

ती गुरुमूर्ती वैद्यांकडेही गेली. निमित्त आईच्या गुडघ्याच्या तेलाचं. वैद्यबुवा पाटावर बसून काढा गाळत होते.

"बुवा, गरोदर बाईने मद्य प्यालं तर मुलाला काय होतं?"

"छे छे, वर्ज्य! आमच्या शास्त्रात स्वच्छ सांगितलंय. मूल मंदस्मृती होतं, चित्त ठिकाणावर राहत नाही. महापाप!"

"मग आमच्या घरची वाटी?"

बुवांचं काढा गाळणं थांबलं. तुकोजीरावांच्या घरून दर सणाला शिधा येई. त्यांनी घसा साफ केला.

"ते मद्य नव्हे, बाळ. ते टॉनिक."

"ताडी मद्य?"

"ताडी मद्य."

"आणि बाटलीवर मुकुट असला की टॉनिक?"

"तू फार प्रश्न विचारतेस. तेल दोन वेळा लाव, आणि तुझं लग्न ठरवायला सांग बापाला."

लग्न ठरलंच. ओरत्तनाडूच्या एका मराठी घरात ती गेली. नवरा सूर्यनारायण सरकारी कचेरीत कारकून होता. बायकोचं ऐकून घेऊन मग हसायची त्याला सवय होती, तेवढ्यावर तिचं बरं चाललं. बऱ्याच वर्षांनी दिवस गेले आणि रिवाजाप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. गाडीतून उतरताच तिण्णैवरून तुकोजीराव गरजले, "अंबुजा! वाटी घासायला काढ!"

वसुमतीचा हात पोटावर गेला. आत बाळ हललं.

वाटी नको म्हणायला तिला काय लागलं असतं? तोंड तर तिला होतंच. पण का नको, असं दहाजणी विचारणार. आणि खरं उत्तर दिलं की ते वाटीला लागणार नाही, अंबुजाला लागणार नाही, तुकोजीरावांना तर नाहीच नाही. ते लागणार आईला. चुलीशी बसून अठरा वर्षांच्या मुलाला घास भरवणाऱ्या आईला भरल्या घरात सांगितल्यासारखं होणार, की तुझं हे पोर असं तुझ्याच घशातून झालं. म्हणून पहिले काही दिवस वसुमतीने मळमळ सांगितली, मग एकादशी सांगितली. अंबुजा हसली.

"शुक्रवारी डोहाळजेवण आहे. तुझी सासू येणार. तिच्यासमोर घेशील ना? तेव्हा नाही म्हणून दाखव."

शुक्रवार आला. वसुमतीला हिरवी साडी नेसवली, मोगरा आणि अबोलीच्या गजऱ्यांनी मढवली, हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरले. गल्लीतल्या बायका चटईवर दाटीवाटीने बसल्या. सासूबाई चंद्रमतीबाई ओरत्तनाडूहून आल्या होत्या. नातवाच्या आशेने डोळे मोठे झालेली भाबडी बाई. पाच तऱ्हेचे भात मांडले होते. मग अंबुजा आतून निघाली. चांदीचं तबक, तबकात वाटी, शेजारी मुकुटाची बाटली. बायकांनी मान उंचावून पाहिलं. नाटकातल्या राजाच्या प्रवेशालाही एवढी शांतता नसते.

"आधी डोहाळा विचारा गे," एक म्हातारी म्हणाली. "रीत आहे."

"विचारते की," अंबुजा गोड आवाजात म्हणाली. "सांग वसू, काय हवंसं वाटतंय? मागशील ते द्यायचं. नाही दिलं तर बाळाचा कान फुटतो."

वसुमतीने वर पाहिलं. आत्याने स्वतःच्या तोंडाने दार उघडून दिलं होतं.

"काहीही मागू?"

"काहीही!"

"मग मला ही बाटली मोरीत ओतायचा डोहाळा लागलाय."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"असा कुठं डोहाळा असतो!" अंबुजाचा आवाज चिरकला.

"माती खायचा असतो. राख खायचा असतो. वैद्यनाथरावांच्या सुनेला देवळाच्या भिंतीचा चुना चाटायचा होता, तुम्हीच नेलंत तिला. मला बाटली रिकामी व्हायला हवी. आत्या, बाळाचा कान फुटेल."

"अय्यो, नको नको!" चंद्रमतीबाई धडपडत उठल्या. "द्या हो तिला! काय बाटलीचं एवढं! माझ्या नातवाचा कान!"

अंबुजा अडकली. रीत मोडायची तर रीतच आडवी येत होती. तिने शेवटचा डाव टाकला. "बाटली ओता. पण ही भरलेली वाटी? केशर घातलंय. वाया कशाला? प्रताप! ये रे, अंगाला चांगलं असतं."

दारात लाडवासाठी घुटमळणारा प्रतापसिंह खुशीत पुढे आला. त्याने दोन्ही हातांनी वाटी धरली, तोंडाशी नेली.

"नको!"

ओरडली ती कामाक्षी. हातातला वाढायचा पळा टाकून ती आली आणि मुलाच्या हातावर तिने फटका मारला. उभ्या जन्मात तिने त्याला बोट लावलं नव्हतं. वाटी खणखणत फरशीवर गेली, केशर चटईवर सांडलं.

"वैनी, वेड लागलं का? औषध आहे ते!" अंबुजा म्हणाली.

"औषध असतं तर एवढं पिऊन हा असा झाला असता का, वन्सं?"

कामाक्षीने बाटली उचलली, मोरीपाशी गेली, उपडी धरली. बाटलीचा गळा बारीक होता. ओतायला वेळ लागला. ती हललीही नाही. भाऊ रडत होता, वसुमतीने त्याचा हात आपल्या बांगड्यांच्या हातात घेतला. बाहेरून तुकोजीराव विचारत होते, "आत काय चाललंय? दरबारात आवाज येतोय!"

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी मायलेकी दोघीच होत्या.

"तुला कधी कळलं?" कामाक्षीने तांदूळ धुता धुता विचारलं.

"दसऱ्याच्या पंगतीत. चौदाची होते."

"बोलली नाहीस."

"काय बोलू, आई?"

कामाक्षीने पाणी उपसलं. "कडू जहर लागायचं गं. मी म्हणायचे, नको. वन्सं म्हणायच्या, मोठ्या घरात आलीस, गिळायला शीक." मग बराच वेळ ती तांदूळच धूत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झाले होते.

वसुमतीला मुलगी झाली. टपोरे डोळे, खणखणीत आवाज. बारशाला गल्ली जमली आणि श्रेयाची वाटणी सुरू झाली. चंद्रमतीबाई म्हणाल्या, तिरुवैयारूला नवस बोलले होते. गुरुमूर्ती वैद्य म्हणाले, माझं तेल. तुकोजीराव म्हणाले, रक्त. कुणी म्हणालं नाही की पोटात असताना या बाळाला कुणी वाटी पाजली नव्हती. आणि तिसऱ्या घरी वैद्यनाथरावांच्या धाकट्या सुनेला पाचवा महिना लागला होता, तिथे मुकुटाची नवी बाटली पोचलीच होती. वसुमती बाळंतपणाआधीच तिथे गेली होती, बोलली होती. "दुधावरची," म्हणून त्यांनी तिला दारातूनच हळदकुंकू लावून वाटेला लावलं.

"वाटी कुठाय गे?" अंबुजा फडताळ उचकत होती. "बाळंतिणीला घोटभर तरी... कामाक्षी! वाटी कुठाय?"

"सोनाराकडे दिली."

"घासायला?"

"वितळवायला."

पाळण्यात बाळाने पाय झाडले. दोन्ही पायांतले नवे चांदीचे वाळे वाजले. अंबुजा मटकन खाली बसली.

प्रतापसिंह पाळण्याशी आला. त्याने जपून, एका बोटाने, भाचीच्या नाकाखालची खळगी चाचपली. मग तेच बोट आपल्या ओठावर ठेवलं. फिरवलं. पुन्हा तिच्या ओठावर, पुन्हा आपल्या.

"अक्का, हिला आहे. माझी कुठं गेली?"

"ग्रहण!" तिण्णैवरून तुकोजीराव म्हणाले.

"दृष्ट!" जमिनीवरून अंबुजा म्हणाली.

"पूर्वकर्म," वैद्यबुवा लाडू खाता खाता म्हणाले.

उत्तरं या घरात नेहमीच तयार असत. वसुमतीने तोंड उघडलं होतं, पण कामाक्षी पुढे झाली. तिने ओले हात पदराला पुसले, मुलासमोर उकिडवी बसली, त्याची हनुवटी धरली.

"त्यांना नको विचारूस, राजा. मला विचार. मी सांगते."

प्रतापसिंहाने तिच्याकडे पाहिलं, गोड हसला. काय विचारायचं होतं ते तोवर तो विसरला होता. भाचीच्या पायातले वाळे तो एक एक करून वाजवत होता.